आर्लनची भुतांची शेड

"तीन आठवडे आणि दोन डबे लाल रंग," आर्लन गुस्ताफसनने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "एवढंच लागेल मला. टॅमरॅकमध्ये असा हॅलोविन कुणी पाहिला नसेल."

त्याची बायको रोंडा उकडलेले बटाटे वाढत होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की बाईला नवऱ्याच्या योजना वासावरून ओळखू येतात. याआधीची योजना म्हणजे मोडक्या गाड्यांच्या दारांपासून कोंबड्यांचं खुराडं. त्या कोंबड्या अजूनही शेजाऱ्यांकडे राहतात.

या योजनेचं कारण समोरच बसलं होतं, सोळा वर्षांची ब्रिटा. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद होऊन कॉम्प्युटरवर आली, आणि ब्रिटा जी आपल्या खोलीत शिरली ती फक्त जेवायला बाहेर येऊ लागली. वर्ग पडद्यावर, मैत्रिणी पडद्यावर, बास्केटबॉल तर पडद्यावरही नाही. आणि आता वर्गातल्या साथरच्या मुलाचं बोलावणं आलं होतं. हॅलोविनच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, तळ्याकाठच्या त्यांच्या घरी, तळघरात, चाळीस मुलं.

"तळघराला खिडक्या किती?" रोंडाने विचारलं.

"आई, मी पार्टीला चाललेय, खिडक्या मोजायला नाही."

"मग नाहीच जायचं."

रोंडाचं बरोबर होतं. मागच्या खोलीत तिचे वडील, एल्मर, राहत होते. चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत काढल्यामुळे त्यांच्या छातीत हवेपेक्षा धूळ जास्त होती. हा आजार या घरात शिरला तर पुढचं मला विचारू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ब्रिटाचा आजोबांवर जीव होता. पण सोळाव्या वर्षी जीव एका वेळी बऱ्याच ठिकाणी असतो.

इथे आर्लनने गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "तिथे काय जातेस? मी आपल्या गॅरेजातल्या रंगाच्या शेडमध्ये त्याच्याहून भारी हॅलोविन करून दाखवतो, लोक गाड्यांतून बघायला येतील. तुझ्या मैत्रिणींना बोलव. मजा नाही आली तर सहाच्या ठोक्याला मी स्वतः तुला साथरच्या दारात सोडेन."

रोंडाच्या हातातला डाव हवेत राहिला.

"मजा आली की नाही ते कोण ठरवणार?" ब्रिटाने विचारलं.

"तूच."

"आणि तू शेडमध्ये यायचं नाहीस. मधे मधे बोलायचं नाहीस. आत काय चाललंय त्यात लक्ष घालायचं नाहीस."

"शब्द दिला. मी फाटकावर उभा राहीन आणि गाड्यांना नुसती दिशा दाखवीन."

पोरगी खोलीत गेल्यावर रोंडा एवढंच म्हणाली, "माझ्या बापाचा श्वास तू पणाला लावलास, आर्लन."

आर्लनचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, मोठ्या रस्त्याला लागून. मार्चपासून लोक घरात, गाड्या घरात, मग एकमेकांना धडकणार कोण? सहा महिने आर्लन स्वयंपाकघरात बसून रोंडाला कांदा कसा चिरावा ते सांगत होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो शिट्टी वाजवत कामाला लागला तेव्हा रोंडाला, काहीही म्हणा, थोडं सुटल्यासारखं झालं.

बेत तसा वाईट नव्हता. रंगाच्या शेडला दोन दारं होती. गाडी पुढून आत घ्यायची, आत भुतांनी घाबरवायचं, मागून बाहेर सोडायची. कुणी उतरायचं नाही, कुणी कुणाच्या जवळ जायचं नाही. पोशाखांचाही प्रश्न नव्हता. रंगकामाचे टोपीसकट पांढरे झगे कपाटात पडून होते, आणि दोन्ही गालांवर डबे असलेले मास्कही. ते घातले की कुणीही माणसात जमा होत नाही. मुलांनी सगळा वेळ हेच मास्क लावायचे, ही आर्लनची एकमेव अट. शेवटी गोळ्या-चॉकलेटं द्यायला त्याने छपराच्या पन्हाळीचा आठ फुटी पाईप उतरवून धुतला. वरून गोळी सोडायची, खाली गाडीच्या खिडकीत पडणार. अंतर पाळून पाहुणचार.

हॅलोविनला मुलांनी भुतांचे वेष घालून घरोघर चॉकलेटं मागत किती ते किती फिरायचं हे आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ग्रामपंचायत ठरवते. टॅमरॅकची वेळ दुपारी तीन ते सहा. म्हणजे भुतांनी भर उन्हात, लोकांची जेवणं आटोपल्यावर घाबरवायचं. त्याला इलाज नव्हता.

मग पाटी. वरचा अर्धा भाग मुलांनी रंगवला, त्यावर "भुतांची शेड" लिहिलं आणि प्रत्येक अक्षरातून रक्त असं गाळलं की ती अक्षरं आहेत हेही सांगावं लागे. खालचा अर्धा आर्लनने आपल्या ठशांनी छापला, काळ्याभोर अक्षरांत, अर्ध्या मैलावरून वाचता येईल असा: फुकट. तीन ते सहा. गाडीतून उतरू नये. बाणाप्रमाणे जावे.

शनिवारी, ऐन हॅलोविनला, दुपारी सव्वादोनला डोरीन हाल्वरसन अंडी आणायला त्या रस्त्याने गेल्या. त्यांनी काय पाहिलं? नारिंगी शंकू. बाण. दोन्ही दारं उघडी असलेली शेड. आत-बाहेर करणारी, पांढरे झगे आणि तोंडाला डबे लावलेली पाच माणसं. आणि फुकट.

त्या काळात आमच्याकडे टेस्ट करायची तर मंगळवारी, चाळीस मैल लांब, जत्रेच्या मैदानात जावं लागे. लोक पहाटेपासून थर्मास घेऊन गाड्यांत बसत. टॅमरॅकजवळ सोय करतो, असं कौंटीचं आरोग्य खातं महिनाभर म्हणत होतं. डोरीनबाईंनी दोन आणि दोन चार केले, आणि अंडी न घेताच घरी जाऊन फोन उचलला.

डोरीनबाई लुथरन चर्चच्या प्रार्थना-साखळीच्या पहिली कडी होत्या. कुणी आजारी पडलं की पहिलीने दोघींना फोन करायचा, त्या दोघींनी चौघींना, आणि सगळ्यांनी प्रार्थना करायची. प्रार्थना किती होते ते देव जाणे, बातमी मात्र अठरा मिनिटांत तीन गावांत पोचते.

आर्लनला दहा गाड्यांची आशा होती. तीनला पाच मिनिटं असताना फाटकापासून बँकेच्या कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती. त्याने ती पाहिली आणि त्याची छाती भरून आली. हातात काठी घेऊन तो पुढे झाला. मास्कमधून ओरडायला त्रास होतो म्हणून त्याने तो हनुवटीखाली ओढला.

पहिली गाडी क्लेटन आणि आर्विला लिंडक्विस्ट या म्हाताऱ्या जोडप्याची होती.

"इथेच ना रे?" क्लेटनने विचारलं.

"इथेच, काका. दोन मिनिटांत मोकळे व्हाल."

"दुखतं का?" आर्विलाने विचारलं.

"दुखायचं काय त्यात? जरा दचकायला होतं. काल रंगीत तालीम केली तर रोंडा किंचाळली."

"रोंडा? ती बाळंतपणात किंचाळली नव्हती."

"डोळे मिटून घ्या म्हणजे कळतही नाही."

"आणि करणार कोण? कौंटीची माणसं?"

"आपलीच पोरं. माझी ब्रिटा आणि तिची दोस्तमंडळी. तीन आठवडे घोटून घेतलंय त्यांनी."

क्लेटनने बायकोकडे पाहिलं. "सरकारला माणसं कमी पडत असणार," तो म्हणाला आणि गाडी पुढे घेतली.

आर्लन रांगेतून पुढे-मागे हिंडू लागला. कौतुकाच्या नशेत माणसाला ऐकू कमी येतं. बेकरीवाली बाई म्हणाली, सोमवारच्या आत कळायला हवं, सासूबाईंना वृद्धाश्रमात भेटायचंय. आर्लन म्हणाला, सोमवार कशाला, आत शिरल्याशिरल्या कळेल. एक ट्रकवाला खोकून खोकून म्हणाला, चार दिवस कसलाच वास येत नाही. आर्लन त्याच्या खिडकीवर कोपर टेकवून म्हणाला, "बरंच आहे की. आत धुराचं मशीन लावलंय." आणि मग त्याने ट्रकवाल्याला ते मशीन कसं बनवलं ते पहिल्यापासून सांगितलं.

आत काय चाललं होतं ते आर्लनला संध्याकाळी कळलं, पण आपण आत्ताच बघून घेऊ.

दारातच ताडपत्रीमागे काया होती, ब्रिटाची जिवाभावाची मैत्रीण. लिंडक्विस्टांची गाडी आत येताच तिने उडी मारली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुमची वेळ भरली."

क्लेटनने काच खाली केली, मास्क उतरवला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "कुठल्या नाकपुडीत?"

कायाच्या वाट्याला दुसरं वाक्यच नव्हतं. तिने तेच जरा हळू म्हटलं, "तुमची वेळ भरली."

क्लेटनने एक डोळा उघडला. "पोरी, अजून काडी घातली नाहीस आणि रिपोर्ट आलासुद्धा?"

"त्यांना असं तोंडावर सांगू नकोस ग," आर्विला म्हणाली, "त्यांना रक्तदाब आहे."

कायाने घाबरून त्यांना पुढे जायची खूण केली. पुढे मिकेल्सनांची जुळी मुलं हातोड्यांनी पत्रे बडवत होती. "आलोच आहोत तर गाडीचंही काम करून देतात वाटतं," आर्विला म्हणाली. त्यापुढे सोरेन होता, हातात ग्रीस भरायची हातभर लांब पिचकारी घेऊन. क्लेटनने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे नाकात जाणार नाही."

"आजोबा, हे खोटं आहे," सोरेन म्हणाला.

"मग खरं कुठाय?"

"पुढे. ब्रिटाकडे."

ब्रिटा शिडीवर उभी होती, पाईपचं वरचं टोक धरून. तिने मूठभर चॉकलेटं सोडली. खाली आर्विलाने समोर आलेला पाईप पाहिला, नाकापेक्षा हे बरं असं म्हणाली, तोंडात धरला आणि सगळा जोर लावून फुंकली. आत अडकलेलं एक चॉकलेट सुटून ब्रिटाच्या मास्कवर आपटलं.

ब्रिटाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती शिडीवरून उतरून जमिनीवर बसली. बाकीच्यांना वाटलं चक्कर आली. ती हसत होती, आणि त्या मास्कमधून ते हसणं घोरल्यासारखं ऐकू येत होतं.

पाचव्या गाडीनंतर तिने सोरेनला बाहेर पिटाळलं. तो धावत फाटकाशी आला.

"काका, एक घोटाळा झालाय. लोकांना वाटतंय की—"

आर्लनने हात वर केला. "मला काही सांगू नकोस."

"पण काका, आत ते लोक—"

"आत काय चाललंय त्यात मी लक्ष घालणार नाही. ब्रिटाला शब्द दिलाय. जा, उभा राहा जागेवर."

सोरेन परत गेला. दिलेला शब्द पाळणारा माणूस अडवायला फार कठीण असतो.

साडेचारला वर्ना आली. वर्ना म्हणजे कौंटीची आरोग्य परिचारिका, आठ महिन्यांत एक सुट्टी मिळालेली बाई, आणि ती सुट्टी आजची होती. सात जणांनी तिला घरी फोन करून विचारलं होतं, टॅमरॅकचे रिपोर्ट फोनवर येणार का टपालाने? तिने रांग सोडून गाडी सरळ गवतातून फाटकापर्यंत आणली.

"आर्लन, याला परवानगी आहे तुझ्याकडे?"

"ग्रामपंचायतीने दिली. आवाज फार करू नका, एवढंच म्हणाले."

"आणि काड्या कुठून आणल्यास?"

"कसल्या काड्या?"

"तपासायला कुठे पाठवणार आहेस?"

"काय तपासायला?"

वर्नाने पाटीकडे पाहिलं, शंकूंकडे पाहिलं, पांढऱ्या झग्यातल्या कायाकडे पाहिलं आणि मग आर्लनच्या हनुवटीखालच्या मास्ककडे. "ही माणसं कशासाठी आलीत असं तुला वाटतं?" तिने शांतपणे विचारलं.

आर्लन वळला. आता रांग दफनभूमीच्या पलीकडे गेली होती. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत मुलं नव्हती, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. बरेच जण खोकत होते, हेही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि त्याने तर तो हात दीड तास रस्त्यावर उभं राहून हलवला होता.

वर्नाने त्याला मास्क वर घ्यायला लावला आणि प्रत्येक गाडीपाशी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. आमचे लुथरन लोक ओरडत नाहीत. ते "असं होय" म्हणतात आणि समोर बघत बसतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं. फक्त क्लेटन, जो शेडमधून निघून, नाकपुडी राहिलीच म्हणून, पुन्हा रांगेत लागला होता, म्हणाला, "म्हणजे मी मरणार नाही?"

"नाही, काका."

"मग आर्विलाला सांग. तिने मुलाला फोनसुद्धा केला."

वर्नाने खोकणाऱ्यांना बाजूला काढलं, नावं लिहून घेतली आणि मंगळवारच्या वेळा दिल्या. बाकीच्यांनी घरी जावं, असं आर्लनला मनापासून वाटत होतं. पण एकही गाडी वळली नाही. एवढा वेळ रांगेत काढून हात हलवत परत जाणं आमच्याकडच्या माणसाच्या रक्तात नाही. "आता आलोच आहोत, तर भुतं तरी बघून जाऊ," बेकरीवाली म्हणाली. मग एकेक गाडी आत गेली. आता काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी लोक असे किंचाळले की पलीकडच्या शेतातल्या गाई कुंपणापासून लांब गेल्या. सात महिन्यांचं साठलेलं ओरडणं होतं ते.

सहा वाजले. शेवटची गाडी गेली. मुलं पाच बादल्या पालथ्या घालून सहा सहा फुटांवर बसली आणि एकमेकांना तेच तेच पुन्हा सांगू लागली. कायाने क्लेटनची मान करून दाखवली. ब्रिटा पोट धरून म्हणत होती, बास ग, मला श्वास घेता येत नाही. आर्लन फाटकावरून ते ऐकत होता. मार्चनंतर पोरीचं असं हसणं त्याने ऐकलं नव्हतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. साथरचं नाव कुणी काढलं नाही. तीन गावांत हसं झालं होतं खरं, पण पैज तो जिंकला होता, आणि एल्मरची छाती शाबूत होती. त्याला इतका आनंद झाला की शेवटचा शंकू उचलताना तो पुन्हा शिट्टी वाजवू लागला.

"आर्लन," वर्ना वही उघडून म्हणाली, "मुलांनी मास्क काढले होते?"

"एकदाही नाही. माझी सक्त ताकीद होती."

"आणि तू?"

आर्लनची शिट्टी थांबली.

"त्या ट्रकवाल्याशी किती वेळ बोलत होतास?"

"फार नाही. धुराच्या मशीनपुरतं."

"म्हणजे किती?"

"मशीन जरा गुंतागुंतीचं आहे," आर्लन म्हणाला.

अंगणात मासेमारीला न्यायचा जुना कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली, उभा होता. सात वाजता रोंडाने त्यात दोन पांघरुणं, एक बादली आणि बायबल ठेवलं. चौदा दिवस त्याने घरात पाऊल टाकायचं नव्हतं. "माझ्या बापासाठी एवढं करशील ना," ती म्हणाली, आणि त्याने मान हलवली.

आठच्या सुमारास ब्रिटा ताट घेऊन आली. तिने ते पायरीवर ठेवलं आणि मागे सरून गवतात उभी राहिली. आर्लनने खिडकी उघडली.

"गेली नाहीस शेवटी," तो म्हणाला. आवाज साधा ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

"कुठे?"

"साथरकडे. म्हणजे मी जिंकलो."

ब्रिटाने पायाने गवत उकरलं. "बाबा, साथरची पार्टी बुधवारीच रद्द झाली. त्याची आई पॉझिटिव्ह आली."

"बुधवारी?"

"हो."

"मग गुरुवार, शुक्रवार तू ती शेड रंगवत होतीस ती कशाला? पहाटे उठून?"

"तू गॅरेजात शिट्टी वाजवत होतास ना. किती महिन्यांनी. मी आईला म्हटलं, आत्ता नको सांगायला, नाहीतर परत स्वयंपाकघरात येऊन बसेल."

"म्हणजे आईलाही ठाऊक होतं?"

"आजोबांनाही. ते तर म्हणाले, पोराला रमू दे." तिने ताटाकडे बोट दाखवलं. "पण मजा आली, बाबा. खरंच. जेव, गार होईल."

ती घरात गेली. तीन आठवडे आर्लन समजत होता की आपण एका पोरीला खोलीतून बाहेर काढतो आहोत. त्याने खिडकी लावली, ताट आत घेतलं आणि मांडीवर ठेवलं. मांसाचे गोळे होते, बटाटे होते, वरून रस्सा होता. काटा-चमचा द्यायला ती विसरली होती. हाक मारावी असं त्याच्या मनात आलं, पण घसा असा दाटून आला होता की आवाज फुटला नसता, आणि तो घसा आजाराचंच लक्षण समजून रोंडाने वर्नाला फोन लावला असता तर तिने एल्मरलाच घरातून हलवलं असतं. म्हणून तो तसाच हाताने जेवला.